सेवेचा करार कोणाच्या हिताचा?

व्यापार करार म्हटले की डोळ्यांपुढे जकात, मोटारी, पोलाद, फळे अशा गोष्टी येतात. हा अर्थतज्ज्ञांचा विषय, असे म्हणून आपल्या गटांच्या बैठकांत तो बहुधा बाजूलाच पडतो. पण जपान आणि फिलिपिन्स या दोन देशांतला करार पाहिला, तर त्यात मालाच्या जोडीने बायकांचे श्रमही आहेत. म्हणून तो आपण समजून घ्यायला हवा.

९ सप्टेंबर २००६ रोजी जपानचे पंतप्रधान कोइझुमी आणि फिलिपिन्सच्या अध्यक्षा अरोयो यांनी या करारावर सह्या केल्या. ११ डिसेंबर २००८ पासून तो अमलात आला. दोन्ही देशांनी बऱ्याच मालावरची जकात टप्प्याटप्प्याने उठवायचे कबूल केले. त्याबरोबर, फिलिपिन्सच्या परिचारिका आणि वृद्धांची शुश्रूषा करणारे सेवक जपान घेईल, असेही ठरले. पहिल्या दोन वर्षांसाठी आकडा ठरला ४०० परिचारिका आणि ६०० शुश्रूषा-सेवक. यात काही पुरुष होते, बहुसंख्य बायकाच.

जपानला ही गरज का पडली? तेथे म्हाताऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. पूर्वी सासू-सासऱ्यांचे सगळे सुनेने करायचे, अशी रीत होती. सुना नोकरीला लागल्या, कुटुंबे लहान झाली. २००० साली सरकारने शुश्रूषेसाठी विमा योजना सुरू केली. पण घरात फुकट होणारे काम बाहेर आले तेव्हा त्याला मोल मिळाले तेही कमीच. कष्ट फार, पगार थोडा, म्हणून माणसे टिकेनात. पगार वाढवण्यापेक्षा बाहेरून माणसे आणणे सोपे वाटले.

फिलिपिन्सची गरज परकीय चलनाची. २००४ साली ८० हजारांवर फिलिपिनो बायका 'मनोरंजन कलाकार' म्हणून जपानला गेल्या. त्यांतल्या पुष्कळजणी प्रत्यक्षात बारमध्ये काम करत. स्त्रियांच्या व्यापाराबद्दल जगभर टीका झाल्यावर २००५ साली जपानने तो दरवाजा आवळला. त्यानंतर परिचारिकेचा रस्ता हा सन्मानाचा रस्ता म्हणून पुढे आला.

सन्मान किती, ते अटींवरून कळते. आपल्या देशात परवाना मिळवलेली, ३ वर्षे रुग्णालयात काम केलेली परिचारिका जपानला पोचली की ती परिचारिका राहत नाही, 'उमेदवार' होते. सुरुवातीच्या तुकड्यांना ६ महिने भाषा शिकवली, मग मदतनीस म्हणून कामाला लावले. ३ वर्षांत जपानची राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेतून पास व्हायचे, नाहीतर परत जायचे. शुश्रूषा-सेवकांना मुदत ४ वर्षांची. जपानी माणसाइतकाच पगार द्यावा, असे कागदावर आहे. पण दर्जाच मदतनिसाचा, त्यामुळे पगारही मदतनिसाचा.

इंडोनेशियाशीही जपानने असाच करार केला होता. २०१० साली दोन्ही देशांच्या मिळून २५४ परिचारिका परीक्षेला बसल्या. पास झाल्या ३. त्यांत फिलिपिनो एकच. २०११ साली ३९८ पैकी १६. एकूण परीक्षार्थींपैकी सुमारे ९० टक्के पास होतात, त्या परीक्षेचा हा निकाल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला ज्या जखमा होतात त्यांना जपानीत 'जोकुसो' म्हणतात. हा शब्द फार अवघड चित्रलिपीत लिहितात. ती जखम धुऊन बरी करणारी बाई त्या शब्दापाशी अडत होती. टीका झाल्यावर अवघड अक्षरांवर उच्चार छापले गेले, पुढे वेळही वाढवून दिला. निकाल थोडा सुधारला, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, रुग्णाची भाषा परिचारिकेला यायलाच हवी. बरोबर आहे. जपानच्या परिचारिकांच्या संघटनेनेही राष्ट्रीय परीक्षेचा आणि समान वेतनाचा आग्रह धरला होता. स्वस्त मजूर आणून सगळ्यांचेच पगार पाडले जातील, ही त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून हे जपानी बायका विरुद्ध फिलिपिनो बायका असे भांडण नव्हे. प्रश्न असा आहे, की जोखीम सगळी बाईनेच का उचलायची? जपानी मोटारीला कोणी फिलिपिनो भाषेची परीक्षा द्यायला लावली नाही. माल जकातीशिवाय जातो आणि माणूस मात्र पायरी उतरून जातो.

आपल्याला शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. सह्या होईपर्यंत कराराचा मसुदा फिलिपिन्समध्ये लोकांपुढे आला नाही. 'अकबायन' पक्ष आणि इतर संघटना वाटाघाटींची कागदपत्रे मागायला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जुलै २००८ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. मसुदा बाहेर आल्यावर दिसले, की जकात उठवायच्या यादीत कचऱ्याची राख आणि दवाखान्यांचा घाण कचराही होता. मोठा गदारोळ झाला. २००७ साली, विषारी कचरा पाठवणार नाही, असे जपानला लेखी द्यावे लागले. ८ ऑक्टोबर २००८ रोजी सिनेटने १६ विरुद्ध ४ मतांनी करार मंजूर केला. संघटना हरल्या खऱ्या, पण मतदान तरी झाले. आपल्या देशात परराष्ट्रांशी करार सरकार करते, त्याला संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असे नाही. भारत-जपान व्यापार करार ऑगस्ट २०११ मध्ये अमलात आला, तेव्हा आपल्यापैकी किती गटांत त्यावर चर्चा झाली?

जानेवारी २०२१ मध्ये भारताने कुशल कामगार पाठवण्यासाठी जपानशी सहकार्य करार केला. त्यात शुश्रूषेचे कामही आहे. मी काम करते त्या वस्तीतल्या बायका ब्यूरोमार्फत आजाऱ्यांच्या सेवेला जातात. १२-१२ तासांची ड्यूटी, त्यातून ब्यूरोचे कमिशन, सुट्टी नाही. उद्या यांच्याच मुलींना परदेशाची वाट दाखवली जाईल. जाऊ नका, असे सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. मात्र डोळे उघडे ठेवून जाता यावे, हे पाहणे आपले काम आहे.

म्हणून काही मागण्या आपण आतापासून लावून धरायला हव्यात. कराराचा मसुदा सह्यांआधी लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा. भरतीचा आणि भाषा शिकण्याचा खर्च मालकाने व सरकारांनी करावा, मुलीच्या आईबापांनी कर्ज काढून नव्हे. तिच्या शिक्षणाला आणि अनुभवाला तिथे मान्यता असावी. मालक बदलण्याचा व संघटनेत जाण्याचा हक्क असावा. आणि सर्वांत आधी, इथल्या घराघरांत आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बाईला कामगार म्हणून किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी मिळावी. आपणच जिला 'बाई ठेवली आहे' म्हणतो, तिच्या श्रमाची किंमत परक्या सरकारने का करावी?