जुना कॅमेरा उष्टा नसतो



वापरलेला, जुना डिजिटल कॅमेरा घ्यायचं माझं ठरलं आहे. 2008 साली बाजारात आलेलं निकॉनचं डी90 हे मॉडेल आणि त्याच्याबरोबर मिळणारी 18-105 ची लेन्स. घरात हे सांगितल्यापासून जे जे ऐकावं लागलं, त्याला हे माझं उत्तर आहे. मुलगा म्हणाला, "आई, हवाच असेल तर नवा घेऊन देतो, लोकांचा वापरलेला कशाला?" जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कॅमेरा? फोन आहे की हातात." आणि मंडळातली एक मैत्रीण हळूच म्हणाली, "घे, पण जुना आहे असं कुणाला सांगू नकोस." तिघांचाही हेतू चांगला आहे. पण तिसरं वाक्य मला जास्त टोचलं, म्हणून आधी त्याचंच बोलते.

जुनं घेण्यात लपवण्यासारखं काय आहे? सोनार आपल्याला बांगडी देतो, तेव्हा ते सोनं आधी कुणाच्या गळ्यात होतं, कुणाच्या घरातून मोडीत आलं, हे कोणी विचारतं का? सासूबाईंचं इरकल आपण कौतुकाने नेसतो. निम्म्या मैत्रिणींचे फ्लॅट रीसेलचे आहेत. तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. मग कॅमेरा, मिक्सर, कपाट म्हटलं की एकदम "उष्टं" कसं होतं? कारण सोन्याची आणि फ्लॅटची किंमत लोकांना दिसते, जुन्या कॅमेऱ्यातली बचत दिसत नाही. म्हणजे प्रश्न स्वच्छतेचा नाही, दिखाव्याचा आहे. पर्युषणात क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण दरवर्षी ऐकतो. क्रोध आणि लोभ आपल्याला चटकन ओळखता येतात. मान मात्र "आपल्या घराण्याला शोभत नाही" असा सभ्य वेष घालून येतो, आणि आपण त्याला पाट मांडून बसवतो.

आता फोनचं. फोनमधला कॅमेरा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पटकन फोटो काढून मुलीला पाठवायचा असेल, कमी उजेडात काढायचा असेल, व्हिडिओ हवा असेल, तर आजचा फोन माझ्या डी90 पेक्षा सरस ठरेल. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणून हा कॅमेरा गाजला खरा, पण त्याचा मोठ्या आकाराचा व्हिडिओ एका वेळी पाचच मिनिटं चालतो आणि चालू असताना फोकस आपोआप होत नाही. व्हिडिओसाठी कुणी तो घेऊ नये.

मला तो वेगळ्या कामासाठी हवा आहे. आपल्या घरांत एखादी आजी गेली, की दुसऱ्याच तासाला काय शोधाशोध सुरू होते ते आठवा. हार घालायला फोटो हवा असतो. तो नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचं डोकं कापून मोठं करतात, बाजूला कुणाचा तरी खांदा राहतो. नाहीतर आधार कार्डावरचा चेहरा, जो तिच्या सख्ख्या नातवालाही ओळखू येत नाही. जिने साठ वर्षं घर सांभाळलं, पाहुण्यांच्या पंगती उठवल्या, चातुर्मासात साऱ्या घराचे उपवास निभावून नेले, तिचा एक सरळ, स्वच्छ फोटो घरात नसतो. पुरुषांचे असतात. दुकानात, संस्थेत, सत्काराला काढलेले. बायका त्या वेळी एक तर स्वयंपाकघरात होत्या, नाहीतर फोटो काढणाऱ्याच्या मागे उभ्या होत्या.

आपल्या मंदिरात येणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बायकांचे निवांत, दिवसाच्या उजेडात बसवून फोटो काढायचे आणि छापून त्यांच्या घरी द्यायचे, एवढंच माझं काम आहे. ते फोनवर का नाही? साध्या फोनची मुख्य लेन्स रुंद पाहणारी असते. चेहरा भरून घ्यायला जवळ जावं लागतं, आणि जवळून काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. 105 पर्यंत जाणाऱ्या लेन्सने चार पावलं लांब बसून चेहरा घेता येतो. माणूस आहे तसा दिसतो, आणि म्हातारीच्या तोंडासमोर फोन नाचवावा लागत नाही.

"पण एवढे जुने मेगापिक्सेल पुरतील का?" हा प्रश्न दुकानदारही विचारतो, नवा विकायचा असतो म्हणून. आपण हिशेब करू. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके धरतात. अल्बममधल्या 6 बाय 4 च्या फोटोला 1800 गुणिले 1200, म्हणजे साधारण 22 लाख ठिपके लागतात. म्हणजे दोन मेगापिक्सेलहून जरा जास्त. डी90 चा फोटो 4288 बाय 2848 ठिपक्यांचा असतो. तो 14 बाय साडेनऊ इंचांपर्यंत सहज छापता येतो. भिंतीवर लावायला याहून मोठा फोटो आपल्यापैकी कितीजणींनी छापला आहे?

आता माझ्या बी.कॉम.ची पाटी काढते. समजा नवा कॅमेरा 60,000 ला आला आणि तीन वर्षांनी 30,000 ला गेला. खर्च 30,000, म्हणजे महिना 833. तेच जुना समजा 12,000 ला मिळाला. त्यात नवी बॅटरी 1,500, कार्ड 600, साफसफाई 1,500 धरा. एकूण 15,600. तीन वर्षांनी 8,000 ला गेला तर खर्च 7,600, महिना 211. आणि जुना आहे, मध्येच बंद पडून भंगारात गेला तर? तर सगळे 15,600 बुडाले. तरीही महिना 433. म्हणजे सगळ्यांत वाईट घडलं तरी नव्याच्या जवळपास निम्मा. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. घसारा पहिल्या वर्षांत जास्त असतो, हे वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात. नवी वस्तू घेणारा तो सगळा घसारा स्वतःच्या खिशातून भरतो. जुनी घेणाऱ्यासाठी तो आधीच कुणीतरी भरलेला असतो. बाजारात ज्याला "नव्याची शान" म्हणतात, ती खातेवहीत घसारा म्हणून लिहिली जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरात बोलायला हवी. नवी वस्तू बनते तेव्हा खाणीपासून कारखान्यापर्यंत आरंभ होतो. जुन्या वस्तूचा तो होऊन गेलेला आहे. यावर माझ्या मिस्टरांनी बरोबर शंका काढली: "तू जुना घेतलास म्हणूनच तो माणूस नवा घेणार, मग फरक काय पडला?" शंका खोटी नाही. पण बहुतेक लोक नवा आधी घेतात आणि जुना पाच-सहा वर्षं कपाटात ठेवतात. त्या कपाटातली वस्तू माझ्याकडे कामाला आली, तर निदान माझ्यासाठी एक नवी बनली नाही. एवढाच माझा दावा आहे, त्याहून मोठं पुण्य मी त्यात धरत नाही.

इथवर मानाचं झालं. पण जुनं घेणाऱ्याला लोभही गाठतो, आणि तो मी माफ करणार नाही. गेल्या काही वर्षांत मुलांमध्ये जुन्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांची फॅशन आली आहे. फोटो जरा फिकट, जरा भडक येतात, ते त्यांना आवडतं. त्यामुळे कालपर्यंत खेळण्यात पडलेल्या कॅमेऱ्यांचे भाव चढले. नात हट्ट करते म्हणून त्या भावाने घेऊ नका, आधी नातेवाइकांची कपाटं उघडायला सांगा, एखादा फुकट निघेल. आणि "स्वस्त आहे म्हणून" घेऊ नका. ज्याला काम नाही ती वस्तू 500 रुपयांत महागच. परिग्रहाची मर्यादा फक्त किमतीवर ठरत नाही, संख्येवरही ठरते. माझ्याकडे हा कॅमेरा येईल त्या दिवशी जुना हँडीकॅम घराबाहेर जाईल.

राहिली माया, म्हणजे विकणाऱ्याची. "घरातच ठेवला होता, दोनदाच वापरला" हे प्रत्येकजण सांगतो. त्याच्या तोंडावर जाऊ नका, वस्तूवर जा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात घ्या की गावातल्या फोटोग्राफरकडून, पाहायचं तेच आहे.

लेन्स हातात घेऊन मोबाईलच्या बॅटरीचा उजेड आरपार टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सना ती हमखास धरते. लोणच्यावर फुई आली तर आपण बरणी बाजूला करतो, इथेही तेच करा. एक तर ती दुसऱ्या लेन्सकडे पसरू शकते, आणि साफ करायची म्हणजे जीवहिंसाही आपल्याच माथी. मी पाहिलेला पहिला कॅमेरा याच कारणाने परत केला. दुकानदार म्हणाला, "काकू, फोटोत दिसत नाही." दिसत नसेल, मला माहीत आहे ना.

नंतर छिद्र सर्वांत लहान करून, म्हणजे एफ 16 किंवा 22 वर, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर आत सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तो खर्च भावातून वजा करा. शटर किती वेळा उडालं ते विचारा. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, घरातलं कॉलेजचं पोर काढून देईल. डी90 चं शटर कंपनीने एक लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. 15,000 झालेला आणि 90,000 झालेला कॅमेरा एकाच भावाने घेऊ नका.

कार्ड एसडी असेल तरच घ्या. एक्सडी किंवा मेमरी स्टिकवाला कॅमेरा घेतला तर कार्डासाठीच वणवण होईल. 2006 च्या आधीचे बरेच कॅमेरे तर दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखतच नाहीत. 2002 ते 2004 च्या सुमाराला बनलेले कॅमेरे मी पूर्ण टाळते. त्या काळातल्या काही सेन्सरमध्ये उष्ण, दमट हवेत बिघाड होत असे, आणि 2005 साली बऱ्याच कंपन्यांना ते मोफत दुरुस्त करून द्यावे लागले होते. आपली हवा उष्णही आहे आणि दमटही.

सर्वांत महत्त्वाचं, मूळ बिल मागा आणि बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवा. चोरीचा माल घेणं हा कायद्याने गुन्हा आहेच, पण आपल्याकडे तो अचौर्य अणुव्रताचा अतिचारही आहे. तत्त्वार्थसूत्रात त्याला तदाहृतादान म्हटलं आहे. "आम्हाला काय माहीत" हे उत्तर तिथे चालत नाही. बिल नाही तर व्यवहार नाही. जुन्या कार्डात कुणाच्या घरचे फोटो राहिले असतील तर ते चाळत बसू नका, विक्रेत्यासमोरच पुसा. चामड्याचा पट्टा आणि कव्हर त्यालाच परत करा, कापडी पट्टा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

कुणी रोलच्या कॅमेऱ्याकडे वळत असेल तर एवढं लक्षात ठेवा: रोलवरचा थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. डिजिटलमध्ये तो प्रश्न उरत नाही. फोटो छापताना मात्र उरतो, कारण लॅबच्या पारंपरिक कागदावरही तोच थर असतो. म्हणून छापायला देण्याआधी कागद कोणता हे विचारा.

मुलाला मी सांगितलं, नव्याचे पैसे तुझ्याकडेच राहू देत, माझ्या आवर्ती ठेवीतले 15,000 मला पुरतात. जाऊबाईंना सांगितलं, पहिला फोटो तुमच्या आईचा काढणार आहे, त्यांना सकाळी दहाच्या उन्हात ओसरीवर बसवा. आणि त्या मैत्रिणीला इथेच सांगते: कॅमेरा जुना आहे, हे मी सगळ्यांना सांगणार आहे. तुम्हीही घ्याल तेव्हा सांगा. आपण चार जणींनी उघडपणे जुनं वापरलं, तर ज्यांना परवडत नाही म्हणून जुनं घ्यावं लागतं, त्यांना मंदिराच्या पायरीवर मान खाली घालावी लागणार नाही.