फ्रान्सिनाबाईंचे ऋण

"मुलीस शिक्षिका करावी, काम अर्ध्या दिवसाचे, सुट्या भरपूर, आणि घर सांभाळून सारे होते." हे वाक्य पालकांच्या तोंडून आम्ही शिक्षक मंडळी इतक्या वेळा ऐकतो की, त्यात काही वावगे आहे असे बोलणाऱ्यास वाटत नाही व ऐकणाऱ्यासही वाटेनासे झाले आहे. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु या एका वाक्यात मुलीच्या बुद्धीचा व आमच्या व्यवसायाचा असा दोघांचाही उपमर्द होतो, हे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी पुण्यातीलच एका शिक्षिकेचे चरित्र मी वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

त्यांचे नाव फ्रान्सिना सोराबजी. जन्म 1833 चा. बालपणी त्यांचा सांभाळ सर फ्रान्सिस फोर्ड यांच्या पत्नी लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांनी केला. 1853 मध्ये त्यांचा विवाह रेव्हरंड सोराबजी खरसेटजी यांच्याशी झाला. हे गृहस्थ मूळचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे आप्तांचा तीव्र रोष त्यांनी सोसला होता, आणि पुढे अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम त्यांनी आयुष्यभर केले. त्या कामानिमित्त हे कुटुंब नाशिक, बेळगाव व पुणे अशा ठिकाणी राहिले. सात कन्या व एक पुत्र एवढा संसार! त्या काळी मिशनच्या पटावर नाव असे ते पतीचे. पत्नीचे श्रम गृहीतच धरलेले असत. तेव्हा फ्रान्सिनाबाईंनी केवळ घर सांभाळले असते, तरी कोणी त्यांस नाव ठेवले नसते.

तसे झाले नाही. 1875-76 च्या सुमारास पुण्यात स्वतःच्या घरीच त्यांनी व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा सुरू केली. पुण्यात मुलींचे शिक्षण नवीन नव्हते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्येच तो मार्ग घालून दिला होता. परंतु हुजूरपागेतील मुलींचे हायस्कूल निघण्यास अद्याप आठ-नऊ वर्षांचा अवकाश होता. अशा वेळी या बाईंच्या शाळेत पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती व युरोपीय मुले शेजारी शेजारी बसत. आणि विशेष हे की, मुलगे व मुली एकाच वर्गात शिकत. त्या काळच्या पुण्यात मुलीस अशा वर्गात पाठविण्यास किती धीर लागला असेल, याची कल्पना आजच्या पालकांनी करून पाहावी. बाईंच्या स्वतःच्या मुलीही तेथेच वाढल्या. आधी आपल्या मुली त्या वर्गात बसवाव्या, मग दुसऱ्यांच्या मागाव्या, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

इंग्रजी शाळा चालू लागल्यावर त्या थांबल्या नाहीत. मराठी, गुजराती व उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी त्या त्या भाषेतील शाळाही त्यांनी काढल्या. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलास घरी मराठी बोलू न देणारे काही पालक आज आढळतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. बाईंच्या घरची राहणी बरीचशी इंग्रजी वळणाची होती. तरीही मुलाने स्वतःच्या भाषेत शिकावे, यासाठी इतका खटाटोप त्यांनी केला!

1882 मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच वर्षी त्याच आयोगापुढे पुण्यातून जोतीरावांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली, आणि पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड सांगितली. पुढे 1886 मध्ये शाळांसाठी द्रव्य जमविण्यास फ्रान्सिनाबाई इंग्लंडला गेल्या व तेथे ठिकठिकाणी त्यांनी व्याख्याने दिली. आता कोणी सांगावे, यात अर्ध्या दिवसाचे काम कोणते?

मग घराचे काय झाले, असा प्रश्न येणारच. त्यास मुलींची आयुष्ये हेच उत्तर. कॉर्नेलिया ही डेक्कन कॉलेजात शिकली. तेथे मुलगे तिच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेत. ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली, आणि केवळ स्त्री म्हणून विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती तिला नाकारण्यात आली. तरी 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला गेली व 1892 मध्ये कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेस बसली. ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी मात्र विद्यापीठाने 1922 मध्ये हातात ठेवली! तिची पुढील राजकीय मते मला मान्य नाहीत. इंग्रजी राज्याची ती कड घेई व गांधीजींच्या चळवळीस तिचा विरोध होता. पण तिने कायदाच का निवडला? मालमत्तेच्या कामी कारभाऱ्यांनी नाडलेल्या पडदानशीन स्त्रिया तिच्या आईकडे सल्ल्यास येत आणि पुरुष वकिलापुढे बोलण्याची त्यांस सोय नसे, हे तिने लहानपणी घरातच पाहिले होते. दुसरी कन्या अ‍ॅलिस डॉक्टर झाली. तिचे पती डॉक्टर पेनेल सरहद्दीवरील बन्नू येथे मिशनचे काम करीत. 1912 मध्ये ते निवर्तल्यावरही तिने रुग्णसेवा सोडली नाही. सुझी आईच्या मार्गाने शिक्षिका झाली.

येथे माझ्या मताचे मर्म आहे. फ्रान्सिनाबाई स्वतः शिक्षिका, शाळा घरची, मनुष्यबळाची सदैव वाण. सगळ्या मुलींस तेथेच जुंपणे किती सोयीचे होते! त्यांनी सोय पाहिली नाही. समाजास वकील हवी तेथे वकील, डॉक्टर हवी तेथे डॉक्टर, अशी त्यांची दृष्टी होती. म्हणून जी शिक्षिका झाली ती मनापासून झाली.

यास एक आक्षेप रास्त आहे. "बाईंस पतीची साथ होती, सर्वांस ती कोठे असते?" नसते, हे खरे. म्हणूनच हा लेख केवळ मुलींच्या पालकांसाठी नाही. सोराबजींनी पत्नीचे काम आपल्याच कामाचे अंग मानले. 'घर सांभाळून' हे शब्द आपण मुलाविषयी कधी उच्चारीत नाही; तो स्वयंपाकघरात कधी शिरणार, याची चौकशी त्याचे स्थळ पाहताना फारसे कोणी करीत नाही. मुलीचा व्यवसाय मात्र त्याच एका मापाने मोजला जातो.

आणि आमच्या व्यवसायाचे म्हणाल, तर ज्या मुलीस वर्गापुढे उभे राहण्याची खरी ओढ आहे, तिने अवश्य यावे. आम्ही तिची वाट पाहत आहोत. जिचे मन प्रयोगशाळेत किंवा न्यायालयात गुंतले आहे, तिला घरच्यांच्या सोयीसाठी येथे पाठवू नये. ती दुःखी होते, आणि तिच्या पुढ्यात बसलेल्या पन्नास मुलांस ते पहिल्याच आठवड्यात कळते. दहावीच्या निकालानंतर पुष्कळ पालक सल्ल्यासाठी शाळेत येतात. त्या वेळी मुलीलाही बरोबर आणावे, व प्रथम तिला बोलू द्यावे.

फ्रान्सिनाबाई 1910 मध्ये वारल्या. कॉर्नेलियाने आईवडिलांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक 1924 मध्ये प्रसिद्ध केले. सुझीने पुण्यात काढलेली सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा आजही भरते.