पसारा कुणाचा?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आई स्टुलावरून पडली. माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढायला चढली होती. वय ७९. मनगट मोडलं. दादाचा पुण्याहून फोन आला, "आता एकदाचं ते घर रिकामं करा. तू जा, तुला तिची समजूत घालता येते." घर आवरायला मुलगी, समजूत घालायला मुलगी, आणि रविवारी टेम्पो घेऊन यायला मुलगा! तीस वर्षं चळवळीत काढलेली मीही निमूटपणे बॅग भरून सांगलीला गेले, हे आधीच कबूल करते.

आमचं घर गावभागातलं, जुनं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा खालचा मजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर घराघरांतलं चिखलानं माखलेलं सामान रस्त्यावर ढिगानं पडलं. आमची पत्र्याची ट्रंक, आजीच्या गोधड्या, आईचा शाळेचा दाखला, सारं त्या ढिगात गेलं. त्यानंतर आईनं उरलेलं एकेक माळ्यावर चढवलं. 'म्हातारपणी वस्तू सुटत नाहीत' असं आपण किती सहज म्हणतो. ती पाण्याला भ्यायली होती, आणि आम्ही त्याला हाव म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. अप्पांच्या टेबलाला कुणीच हात लावत नव्हतं. चाळीस वर्षांच्या फायली, बंद पडलेले तीन रेडिओ. ती 'कागदपत्रं' आणि 'अप्पांच्या वस्तू'. आईचं मात्र सगळं 'पसारा'. हा शब्द मीही वापरत होते.

पहिले दोन दिवस मी सगळेच करतात तसं केलं. एकेक वस्तू तिच्यापुढे धरून विचारायचं, "हे आता लागतं का?" अशा प्रश्नाला उत्तर एकच असतं. आई मान हलवायची, दुपारी न जेवताच पडून राहायची. दुसऱ्या दिवशी ती झोपली असताना मी पितळेचं एक पोतं मोडवाल्याला किलोवर घातलं. जागा मोकळी झाली, बरं वाटलं. मला.

संध्याकाळी ती एक लहान तांब्या शोधत फिरू लागली. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं माहेरचं नाव घातलेलं होतं. तिच्या आईनं दूध विकून साठवलेल्या पैशातून घेतलेला तो तांब्या. लग्नात आडनावाबरोबर नावही बदललं. दाखला पुरात गेला. जुनं नाव उरलं होतं ते त्या तांब्यावरच. सकाळी धावत दुकानात गेले, तर माल पुढे गेला होता. आई एवढंच म्हणाली, "राहू दे, आता वाचतंय कोण."

स्त्रीधनावर मी किती शिबिरं घेतली असतील! विवाहितेच्या हातून तिचं स्त्रीधन काढून घेणाऱ्या सासरच्यांविरुद्ध आपण बोलतो, मोर्चे नेतो. इथे आईच्या वस्तूची विल्हेवाट तिला न विचारता लावणारी मी होते, आणि हेतू काय, तर तिचं मन हलकं व्हावं.

तिसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. शेजारच्या मुलानं माळ्यावरून एकेक डबा उतरवायचा, आई खुर्चीत बसून तो उघडणार. रोज सकाळी दोनच तास. प्रश्नही बदलला : हे कुठून आलं? कुणाला द्यायचं? मग ती बोलू लागली. स्टीलचे निम्मे डबे बोहारणीकडून घासाघीस करून घेतलेले. अप्पांच्या जुन्या विजारींवर तिनं संसार उभा केला होता, आणि त्या व्यवहारात कुणी ढवळाढवळ केलेली नव्हती. तांब्याचा बंब विकायचं तिनंच ठरवलं, भाव तिनंच केला, पैसे आपल्या खात्यात भरले. जातं शेजारणीच्या सुनेला दिलं. महिला मंडळाची हिशेबाची वही मात्र ठेवली. (मुंबईची 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून बायकांचे असे कागद, फोटो, आठवणी जपते आहे. घरोघरच्या वह्या रद्दीत घालण्याआधी आपण निदान एकदा उघडून पाहाव्यात.) चौदा डब्यांपैकी पाच उरले. मी एकटीनं आवरलं असतं तर एवढं काढायला धजले नसते.

शेवटच्या डब्यात घराचे कागद निघाले. घर अप्पांच्या एकट्याच्या नावावर. आईचं नाव रेशनकार्डावर आणि मतदार यादीत. दादाचा बेत असा, की हे विकून पुण्यात मोठा फ्लॅट घ्यावा, 'सोयीसाठी' त्याच्या नावावर. दादा वाईट नाही. पण माळा रिकामा करण्याची घाई नेमकी कुठून आली ते तेव्हा कळलं. म्हाताऱ्यांच्या घरातली आवराआवर आणि घराची विक्री या गोष्टी पुष्कळदा एकाच टेम्पोतून येतात.

म्हणून माझं म्हणणं, मैत्रिणींनो, आधी हा डबा उघडा. घर अप्पांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं आहे. मृत्युपत्र न करता ते गेले तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आईला, दादाला आणि मला सारखा वाटा. म्हणजे साठ वर्षं ज्या घरात राबली त्याचा तिसरा हिस्सा. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येतं, नोंदणी सक्तीची नाही. आणि मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायचंच झालं, तर तो आईवडिलांना सांभाळील ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशी अट मोडली तर ते रद्द करून घेण्याची वाट देतं. नुसत्या विश्वासावर सही केली तर ती वाट अवघड होते.

हे सारं अप्पांपुढे मांडलं. ते म्हणाले, "मी असताना कशाला?" आई म्हणाली, "तुम्ही असतानाच." पुढचं बोलणं अजून चालू आहे.

रविवारी दादा टेम्पो घेऊन आला. अर्धासुद्धा भरला नाही. तो कुरकुरला, "एवढ्यासाठी बोलावलंत?"

आईनं विचारलं, "अप्पांचे रेडिओ नेतोस का?"