सही केली, पॉईंट मिळाले, शिकलं कोण?

गेल्या महिन्यात दुपारची ओपीडी संपल्यावर आमच्या सिस्टर आत आल्या. "सर, रविवारी सुट्टी पाहिजे. नांदेडला सेमिनार आहे. रिन्यूअल जवळ आलं, पॉईंट कमी पडायलेत."

सुट्टी दिली. सोमवारी सहज विचारलं, काय शिकवलं? त्या हसल्या. "उद्घाटनच बारापर्यंत चाललं सर. मग सत्कार झाले. जेवणाआधी एका मॅडमनी स्लाईड वाचून दाखवल्या, सगळं इंग्रजीत. चार वाजता सही केली, सर्टिफिकेट घेतलं अन् बस पकडली." कुरुंद्याहून वसमत, वसमतहून नांदेड आणि तसंच परत, वर नोंदणीची फी. घरी दोन लेकरं सासूच्या जिवावर. पदरात काय पडलं? एक कागद आणि एक फाईल.

तुम्ही म्हणाल, हा डॉक्टर-नर्स लोकांचा आपसातला मामला, आम्हाला काय त्याचं? तुमच्या सुनेचं बाळंतपण, नातवाची लस, वडिलांचं सलाईन, यात डॉक्टर किती मिनिटं असतो आणि सिस्टर किती तास असते, हे एकदा आठवून बघा. रात्री दोन वाजता खाटेजवळ जी असते, तिला काय येतं आणि काय येत नाही, हा तुमचाच प्रश्न आहे.

आधी नियम समजून घ्या. नर्सिंगचं शिक्षण झालं की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे त्यासाठी १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आहे. ही नोंदणी जन्मभराची नसते, दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. भारतीय नर्सिंग कौन्सिलने त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी तीस तास. त्याचे क्रेडिट मोजले जातात, त्यालाच आमच्या सिस्टर 'पॉईंट' म्हणतात. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या जुन्या नर्सिंग कायद्याच्या जागी नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तेव्हा हा विषय मागे पडणार नाही, उलट वाढणार आहे.

अट चुकीची आहे असं माझं बिलकूल म्हणणं नाही. "एकदा परीक्षा पास झाल्यावर पुन्हा कशाला शिकायचं" असं म्हणणाऱ्यांना मी फक्त लसीकरणाचा तक्ता दाखवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये पोलिओचे थेंब बदलले, तीन प्रकारच्या विषाणूंऐवजी दोन प्रकारांची लस आली. पोलिओचं इंजेक्शन कातडीच्या थरात द्यायचं ठरलं, तेही फक्त ०.१ मिली. २०१८ च्या शेवटी महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली. २०१९ मध्ये रोटाव्हायरसची लस आली. गरोदर बाईला धनुर्वाताच्या साध्या टीटीऐवजी टीडी सुरू झाली. २०२१ मध्ये न्यूमोनियाची पीसीव्ही देशभर गेली. २०२३ पासून पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस नवव्या महिन्यात आला, आणि तो आधीच्या दोन डोसांसारखा उजव्या नव्हे, डाव्या दंडावर. २०१० साली एएनएम झालेल्या मुलीने वर्गात यातलं काय शिकलं असेल?

बाळंतपणातही तेच. बाळ बाहेर येताच मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनची १० युनिट स्नायूत द्यायची, नाळ घाईने न कापता एक ते तीन मिनिटं थांबायचं, बाळ चांगलं रडत असेल तर तोंडात नळी घालून उगाच सक्शन करायचं नाही. बाळंतिणीला झटके आले तर पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचे पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल टोचायचे. ५० टक्क्यांच्या औषधाचे दोन मिलीचे पाच अँप्युल एका बाजूला, पाच दुसऱ्या. दहा अँप्युल फोडायचे आहेत हे जिला हाताने केल्याशिवाय पटत नाही, ती दोन फोडते आणि ॲम्ब्युलन्स बोलावते. ती निष्काळजी नसते, एवढं औषध टोचायची तिला भीती वाटते. अशी भीती स्लाईड बघून जात नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षं झाली त्याला. हळदीच्या रानात काम करणाऱ्या एका माणसाला साप चावला म्हणून संध्याकाळी दवाखान्यात आणलं. मी गावाबाहेर होतो. फोनवरून सिस्टरला सांगितलं, रक्त काढून वीस मिनिटं ठेवा, गोठतं का बघा. तिने ठेवलं. वीस मिनिटांनी फोन आला, "सर, गोठलं नाही." मी सर्पविषावरची लस सुरू करायला सांगितली. पहिल्या काही मिनिटांतच त्याला थंडी भरली, अंगावर गांधी उठल्या, बीपी पडायला लागलं. लस थांबवून ॲड्रेनलीन द्यायला लावलं, मी पोचेपर्यंत तो सावरला होता. मग मी ती नळी पाहिली. प्लास्टिकची होती.

ही तपासणी काचेच्याच नळीत करावी लागते. स्वच्छ, कोरडी, साबणाने न धुतलेली काच. रक्ताची गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्लास्टिकमध्ये ती रेंगाळते, आणि निरोगी माणसाचं रक्तसुद्धा वीस मिनिटांत पातळच दिसू शकतं. काचेच्या नळीत पुन्हा केलं. गोठलं. चाव्याजवळ सूज नव्हती, पापण्या झुकलेल्या नव्हत्या. त्या माणसाला लसीची गरज नव्हती, आणि तिच्या रिॲक्शनने तो जवळजवळ गेला होता.

त्या सिस्टरचं रजिस्ट्रेशन चालू होतं, पॉईंट पूर्ण होते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की नळी काचेची लागते. कुणी म्हणजे मी. साप आमच्याकडे दर पावसाळ्यात चावतात, आणि माझ्या दवाखान्यात काचेच्या नळ्यांचा डबा नव्हता. मी तिला रागावलो होतो, हेही सांगून टाकतो. दोन दिवसांनी माफी मागितली.

म्हणून माझा राग त्या १५० तासांवर नाही, ते कसे भरले जातात त्यावर आहे. तास मोजले जातात बसण्याचे. हॉलमध्ये चारशे खुर्च्या, एक माईक, शेवटी सहीची रांग. ऑनलाईन आलं तर आणखी सोपं झालं, मोबाईल खिशात चालू आणि सिस्टर वॉर्डात इंजेक्शन भरतेय. परीक्षा असली तर उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली. याला शिक्षण म्हणायचं?

हाताचं काम हातानेच शिकतं, आणि सराव सुटला की विसरतं. हे आपल्याच देशात तपासून झालंय. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांवर सुरक्षित बाळंतपणाच्या तपासणी-यादीचा मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या केंद्रांत सिस्टरांच्या शेजारी उभं राहून शिकवणारी माणसं ठेवली होती. दोन महिन्यांत त्या केंद्रांमध्ये आवश्यक गोष्टींपैकी सुमारे ७३ टक्के गोष्टी होऊ लागल्या, बाकीच्या केंद्रांत ४२ टक्के. मग शिकवणारी माणसं निघून गेली, आणि त्यानंतर चार महिन्यांनी तो आकडा ६२ वर घसरला. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की माता आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये त्या अभ्यासात फरक दिसला नाही. औषधं, वीज, पुढे पाठवायची सोय, हे सगळं एका यादीने येत नाही. पण शेजारी उभं राहून शिकवलं तर हात बदलतात आणि शिकवणं थांबलं की परत सैल पडतात, एवढं त्यातून दिसलंच.

लांब कशाला जायचं, गडचिरोलीला बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न्यूमोनिया ओळखणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, इंजेक्शनसुद्धा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या बायकांना प्रशिक्षण एकदा देऊन सोडलं नव्हतं. पंधरा दिवसाला वरचं माणूस गावात यायचं, वही बघायचं, चुकलेलं तिथंच दुरुस्त करायचं. क्रेडिट पॉईंट कुणी दिले नाहीत त्यांना.

आम्हा डॉक्टरांनी फार नाक वर करू नये. आम्हालाही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत तीस पॉईंट दाखवावे लागतात, आणि त्यातले कितीतरी पॉईंट एसी हॉलमध्ये, जेवणाच्या वासात मिळतात. फरक एवढाच की माझा त्या दिवशीचा पगार कुणी कापत नाही. आमच्या भागात महिना आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या सिस्टर आहेत. सेमिनारला गेली तर दिवसाची मजुरी जाते, फी तिच्या खिशातून, आणि डबल ड्युटी करून तो दिवस भरून द्यायचा. जिच्या शिकण्याचा फायदा दवाखान्याला आणि पेशंटला होतो, तिनेच सगळा खर्च सोसायचा? खासगी दवाखान्याच्या मालकांनी, मीही त्यातलाच, भरपगारी रजा आणि फी दिली पाहिजे. "परवडत नाही" हे मी ऐकून घेणार नाही. सोनोग्राफी मशीनचे हप्ते परवडतात.

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. ही सगळी यातायात कुणाला? जिने नोंदणी केली तिला. जिची नोंदणीच नाही, तिला काही अट नाही! बारावी झालेली मुलगी चार महिने एखाद्या दवाखान्यात राहते, इंजेक्शन द्यायला शिकते, पांढरा कोट घालते आणि गावाची 'सिस्टर' होते. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातच पात्र परिचारिका पुरेशा प्रमाणात असाव्यात असं आहे. पंचाहत्तर वर्षं झाली. त्या मुलींवर माझा राग नाही, त्यातल्या कित्येक जणींचा हात हलका आणि डोकं तल्लख असतं. संधी मिळाली असती तर चांगल्या नर्स झाल्या असत्या. राग त्यांना स्वस्तात ठेवणाऱ्यांवर आहे. ज्यांचे पॉईंट तीनने कमी पडले त्यांना पत्र जातं, आणि इकडे बिननोंदणीचं सलाईन चालूच.

मग करायचं काय? पॉईंटचा निम्मा वाटा तरी हाताच्या कामाला द्या, आणि तो कामाच्या ठिकाणी द्या. कुरुंद्याच्या किंवा कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दुपार बाळाची बाहुली, अंबू बॅग आणि रक्तस्राव मोजायचं पिशवीचं साधन घेऊन एक अनुभवी सिस्टर येऊ द्या. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या सिस्टर तिथे बसतील. मराठीतून. प्रत्येकीने करून दाखवायचं, तेव्हा सही. कौन्सिलने त्या दुपारचे तास धरले पाहिजेत. वसमतहून पुढे नांदेडला जायची गरजच राहणार नाही. हे अशक्य आहे असं कुणी सांगू नका. कोविडच्या काळात पीपीई किट घालायचं-काढायचं आपण आठवड्याभरात गावोगाव शिकवलं होतं.

तुम्हीसुद्धा एक करा. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरच्या डिग्रीचा बोर्ड वाचता तसं विचारा, "सिस्टरचं रजिस्ट्रेशन आहे का?" सिस्टरला दरडावून विचारू नका, मालकाला विचारा. बाळंतपणाला नाव घालतानाच विचारा, कळा सुरू झाल्यावर नव्हे. चारजणांनी विचारलं की मालकाला जागा जाणवते.

आमच्याकडे आता काचेच्या नळ्यांचा डबा इमर्जन्सी ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असतो. दर गुरुवारी दुपारी तीन ते चार आम्ही एक एक गोष्ट हाताने करतो. मागच्या गुरुवारी मॅग्नेशियमचे दहा अँप्युल पाण्याचे समजून फोडले, घड्याळ लावून. सिस्टरांना पहिल्यांदा सहा मिनिटं लागली, मला सात. शेजारच्या दवाखान्यातल्या दोघी परवा विचारत होत्या, आम्ही आलो तर चालेल का. याचे पॉईंट मिळणार नाहीत, हे मी त्यांना आधीच सांगितलं.