रेणू सापडेल, पुढे काय?

सार्डिनिया बेटावरील कॅलियारी शहराचे सांडपाणी समुद्रात मिसळते, तिथले पाणी जंतूंपासून आपोआप शुद्ध होत असावे, अशी शंका जुझेप्पे ब्रोत्सू या इटालियन डॉक्टरांना आली. १९४५ मध्ये त्यांनी त्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिचा अर्क विषमज्वराच्या जंतूंना मारक ठरला. पुढे ऑक्सफर्डमध्ये तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हाती लागले, आणि या कुळातले पहिले औषध रुग्णांपर्यंत पोहोचायला १९६४ साल उजाडले. आज तालुक्याच्या दवाखान्यातही टोचले जाणारे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन याच कुळातले.

ते आता अनेक रुग्णांना लागू पडत नाही. अतिदक्षता विभागातले क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जिवाणू कार्बापेनेमलाही दाद देत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना मूत्रपिंडाला घातक म्हणून कधीकाळी बाजूला ठेवलेले कोलिस्टिन काढावे लागते. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले. जमिनीतल्या जिवाणूंचा शोध घेताना तेच ते रेणू पुन्हा हाती येऊ लागले, म्हणून संशोधक समुद्राकडे वळले. खाऱ्या पाण्यात, प्रचंड दाबाखाली जगणाऱ्या जिवाणूंची रसायने वेगळी असतात. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या समुद्रतळातील गाळात सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिसने अँथ्रासायमायसिन दिले. अँथ्रॅक्सच्या आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या जंतूंवर ते प्रभावी ठरल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. औषधाच्या दुकानात मात्र ते अजून आलेले नाही.

अडचण शोधापेक्षा पैशाची अधिक आहे. नवे प्रतिजैविक राखीव ठेवायचे, आठवडा-दहा दिवसच द्यायचे. मग कंपनीने कमवायचे कशातून? अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ब्रिटनने यातून धडा घेतला. तिथे निवडक प्रतिजैविकांसाठी सरकार वर्षाला ठरावीक रक्कम देते, खप कितीही असो.

आपल्याकडे समुद्र आहे, दोनापावलला १९६६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेत सूक्ष्मजीवांचा शोधही आहे. पण मिलिग्रॅममध्ये मिळालेला रेणू किलोत पिकवणार कोण, प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च उचलणार कोण? हे काम पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने कधीकाळी करून दाखवले होते. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी ज्या जिवाणूतून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळवले, त्याच्या नावातही पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. २०१६ मध्ये केंद्राने याच कंपनीची जादा जमीन विकण्याचा आणि तिच्यातला हिस्सा काढून घेण्याचा निर्णय घेतला. ही दूरदृष्टी नव्हे.

मोहिमेच्या निधीतला एक वाटा थेट किण्वन आणि प्राथमिक चाचण्यांसाठी बांधून द्यावा. यशस्वी औषधाला ब्रिटनप्रमाणे वार्षिक रकमेची हमी द्यावी, मात्र त्या बदल्यात ते फक्त रुग्णालयांतूनच दिले जावे. तीव्र प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीची दुकानांतून सर्रास पायमल्ली होते. ती अन्न व औषध प्रशासनाने आताच रोखली नाही, तर समुद्रातून येणारे औषधही काही वर्षांत निकामी होईल.