उष्ण कुंडे आणि स्वदेशीची पुढची पायरी

१८८६ साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची बंद पडत आलेली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिचे नामकरण केले ‘स्वदेशी’. वंगभंगाच्या आंदोलनाने हा शब्द घरोघरी पोहोचवला, त्याच्या एकोणीस वर्षे आधीची ही गोष्ट. विलायतेहून येणारे तलम कापड येथेच विणावे, हा त्यामागील संकल्प होता. त्या गिरणीची चाके केव्हाच थांबली. मात्र जे परक्याकडून विकत घ्यावे लागते ते आपण निर्माण करू शकतो का, हा तिने विचारलेला प्रश्न आजही जिवंत आहे.

वस्त्रोद्योगाचेच उदाहरण घ्या. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. विणाई झाल्यावर, रंगाईपूर्वी ती काढावी लागते. आम्लाने काढली तर सूत दुबळे होते. ‘अमायलेज’ हे विकर, म्हणजेच एन्झाइम, फक्त खळीतील पिष्टाचे विघटन करते, धाग्याला धक्का लावत नाही. सर्वसाधारण विकरे उकळत्या पाण्याजवळच्या तापमानात निकामी होतात. उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंची विकरे तेथेही कार्यरत राहतात आणि काम झपाट्याने उरकते. साबणाची पावडर, कागद, स्टार्चपासून साखर असे कितीतरी उद्योग आज विकरांवर चालतात.

अशा जिवाणूचे मोल किती, याचा धडा अमेरिकेने घालून दिला आहे. थॉमस ब्रॉक यांनी १९६६ साली यलोस्टोन उद्यानातील उष्ण झऱ्यांतून नमुने गोळा केले. त्यांतील ‘थर्मस अॅक्वाटिकस’ या जिवाणूच्या विकरामुळे पीसीआर तंत्र व्यवहार्य झाले. १९९१ साली रोश कंपनीने या तंत्राचे हक्क तीस कोटी डॉलरना घेतले. ज्या उद्यानातून जिवाणू गेला, त्याच्या पदरी मात्र काहीही पडले नाही.

२०२० च्या महामारीत हेच तंत्र घरोघरी परिचित झाले. आरंभी चाचणीसंच व त्यांतील घटक यांसाठी आपण परदेशांच्या तोंडाकडे पाहत होतो. मार्चअखेरीस पुण्याच्या मायलॅबने पहिल्या भारतीय संचाला मान्यता मिळवली, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. ‘स्वस्त मिळते तर आयात करा’ असा उपदेश करणाऱ्यांनी ते दिवस विसरू नयेत. संकटकाळी बाजारपेठ आधी स्वतःच्या देशाचे पाहते.

आपल्याकडे या संपत्तीचा तुटवडा नाही. ज्या तानसा नदीचे पाणी मुंबईकर पितात, तिच्याच काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडे आहेत. वसईच्या विजयासाठी चिमाजी अप्पांनी नवस केला तो याच वज्रेश्वरीला. कोकणात उन्हवरे, राजापूर, खानदेशात उनपदेव. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानाचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ठाण्याच्या अॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीजने भारतीय विकरे परदेशांत विकून दाखवली आहेत. अर्थात बुद्धी आहे, संपत्ती आहे, उद्यमशीलताही आहे. कमतरता आहे ती या तिघांना जोडणाऱ्या सेतूची. झऱ्यातून जिवाणू वेगळा करायचा, विकराचे गुणधर्म तपासायचे, प्रबंध लिहायचा आणि तेथेच थांबायचे, हे चक्र भेदले पाहिजे. चंचुपात्रातले यश हजारो लिटरच्या किण्वनटाकीत उतरवणे, हीच खरी परीक्षा आहे.

आत्मपरीक्षणही हवे. ज्या कुंडांना आपण तीर्थ म्हणतो, तेथेच साबण लावून कपडे धुतो आणि काँक्रीट ओततो. तीर्थाचे पावित्र्य आणि त्यातील जीवसृष्टीचे रक्षण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही जैविक संसाधन मानले आहेत आणि स्थानिक समित्यांची तरतूद आहे. कुंडे असलेल्या गावांनी आपल्या नोंदवहीत त्यांची दखल घ्यावी. शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बायोई-३ धोरणात विकरांचा समावेश आहे. त्याचा लाभ लहान उद्योजकांपर्यंत पोहोचावा, आणि आपल्या कापडगिरण्यांनी व साबण कारखान्यांनी देशी विकराला निदान एक प्रामाणिक संधी द्यावी. गुणवत्तेत ते उणे ठरले तर सुधारावे, पण वापरूनच पाहू नये, हे योग्य नव्हे.

स्वदेशी हे केवळ घोषणेचे नाव नाही. कुर्ल्याच्या गिरणीने ते कापडाच्या ताग्यावर उमटवले होते. आता ते किण्वनटाकीवर उमटले पाहिजे.