लाइटबिल आणि ऑक्सिजनचे तास

गेल्या महिन्यात एक मावशी तपासायला आल्या होत्या. वय साठीच्या पुढे. लग्न झाल्यापासून चुलीवर स्वयंपाक केला आणि त्या धुराने फुप्फुसं कायमची खराब झाली. या आजाराला आम्ही सीओपीडी म्हणतो. शांत बसलेल्या असतानाही त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी घरी ऑक्सिजन काँसंट्रेटर लावायला सांगितलं होतं. नातेवाइकांनी पैसे जमवून मशीन घेतलंही. तरी आता पायांवर सूज, ओठ निळसर आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ८४.

"मावशी, मशीन किती तास लावता?"

"लावते की डॉक्टर. रात्री दम लागला की लावते."

"मी पंधरा तास सांगितले होते ना?"

त्या गप्प बसल्या. मग मुलगा म्हणाला, "पहिल्या महिन्याचं लाइटबिल बघून आईनंच बंद करायला लावलं. म्हणाली, मला दोन तास पुरे, तुम्ही पोरांच्या फीचं बघा."

मी प्रत्येक वेळी गोळ्यांबद्दल विचारलं, इनहेलर नीट घेता का ते विचारलं. लाइटबिलाबद्दल एकदाही विचारलं नाही. ही माझी चूक होती.

पंधरा तासच का?

ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन कायमच फार कमी असतो, अशा सीओपीडीच्या रुग्णांचं आयुष्य घरच्या ऑक्सिजनने वाढतं. हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांतून दिसलं. पण हा फायदा दिवसाचे निदान पंधरा तास ऑक्सिजन घेतला तर मिळतो. दम लागला की तासभर लावायचा आणि बरं वाटलं की काढायचा, याने तेवढ्यापुरता आराम पडतो, पण हृदयावरचा ताण कमी होत नाही. मावशींच्या पायावरची सूज त्या ताणाचीच होती.

आता हिशोब करू

पाच लिटरचं काँसंट्रेटर साधारण ३५० वॅट वीज घेतं. रोज पंधरा तास चाललं तर दिवसाला सव्वापाच युनिट आणि महिन्याला १५० पेक्षा जास्त युनिट होतात.

महाराष्ट्रात महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी स्वस्त दर आहे. अट अशी, की वर्षाचा वापर ३६० युनिटच्या आत हवा, म्हणजे महिन्याला ३० युनिट. ७५ वॅटचा साधा पंखा रोज बारा तास फिरला, तरी महिन्याला २७ युनिट होतात. म्हणजे ही सवलत एक पंखा आणि एखादा दिवा एवढ्यापुरती आहे. काँसंट्रेटर एकटंच वर्षभराचे ३६० युनिट अडीच महिन्यांच्या आत संपवतं. मर्यादा ओलांडली, की पुढच्या वर्षी ते घर साध्या घरगुती दरात जातं. त्या दरातही पहिल्या १०० युनिटचा भाव कमी आणि १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्याचा भाव बराच जास्त. मशीनची बरीचशी वीज याच महागड्या टप्प्यात जाऊन पडते.

थोडक्यात, घरात आजारपण आलं की विजेचा वापर वाढतो, आणि वापर वाढला की सवलत जाते. जेव्हा तिची खरी गरज, तेव्हाच ती हातातून निसटते. जो जास्त वीज वापरतो तो पैसेवाला, हे गृहीत एसीच्या बाबतीत एक वेळ ठीक आहे. ऑक्सिजनच्या बाबतीत ते चूक आहे. युनिटने एसी चालला की श्वास चालला, हे मीटरला कळत नाही. ते कळवण्याची सोय नियमांत असायला हवी.

असं कुठे होतं का?

होतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 'मेडिकल बेसलाइन' नावाची योजना आहे. घरी वैद्यकीय उपकरण लागतं असं डॉक्टरने लिहून दिलं, की त्या घराला महिन्याला साधारण ५०० युनिट जादा वीज सगळ्यात स्वस्त दराने मिळते. कमी उत्पन्नाच्या घरांना बिलात सूट देणारी योजना तिथे वेगळी आहेच. तेवढं लांब कशाला, आपल्या केरळातही घरी काँसंट्रेटर किंवा सक्शन मशीन लागणाऱ्या रुग्णांसाठी त्या उपकरणांच्या विजेवर सवलत आहे. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

"लोक गैरफायदा घेतील," असं कुणी म्हणेल. थोडे घेतीलही. पण मशीनचे वॅट त्याच्यावर लिहिलेले असतात, तास डॉक्टर लिहून देतात. गुणाकार करून तेवढेच युनिट स्वस्त दराने द्या आणि दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र नव्याने मागा. असा रुग्ण बिघडून आयसीयूत गेला, तर शासनाच्या योजनेतून किंवा घरच्यांच्या खिशातून होणारा खर्च या सवलतीपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून मला ही वीज औषधासारखी वाटते आणि तिचा हिशोबही औषधासारखा व्हावा असं वाटतं.

नियम बदलेपर्यंत काय करता येईल?

१. मशीनचे तास स्वतःच्या मनाने कमी करू नका. बिल झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. काही रुग्णांना पुन्हा तपासणी केल्यावर ऑक्सिजनची गरज उरलेली नसते, पण ते तपासूनच ठरवायचं.

२. बिलावर तुमचा ग्राहक वर्ग कोणता लिहिला आहे ते पाहा. पात्र असून साधा घरगुती दर लागत असेल, तर वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

३. बिल थकलं तर गप्प बसू नका. हप्ते बांधून मागा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. घरात ऑक्सिजनवर रुग्ण आहे हे अर्जात लिहा, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. असं पत्र मी देतो, तुमचे डॉक्टरही देतील.

४. बाकीचा वापर कमी करा. जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा लावला तर त्याची वीज निम्म्याहून कमी होते.

मावशींचं पत्र मी त्याच दिवशी लिहून दिलं. हप्ते बांधून मिळाले. आता त्या मशीन बारा-तेरा तास लावतात. पंधरा अजून होत नाहीत, आणि त्याचं कारण त्यांच्या फुप्फुसात नाही.

घरी ऑक्सिजन, बायपॅप किंवा सक्शन मशीन असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फाइलमध्ये रिपोर्टांबरोबर लाइटबिलही ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही दाखवा.